वखारीतली शर्यत

सहा घोडे हातगाडीवरून आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लाकडाच्या वखारीच्या आवारात भुसा उडत होता आणि उन्हात तो सोनेरी दिसत होता. शिंत्रे सुभेदार गाडीच्या बाजूने चालत होते. एक हात त्यांनी घोड्यांच्या पाठींवर ठेवला होता, जशी काही ती खरी जनावरं आहेत आणि आवाजाने बिथरतील.

“वृंदा, मोजून घे,” ते म्हणाले. “सहाच्या सहा आलेत ना, बघ.”

मी मोजले. वीतभर उंचीचे लाकडी घोडे, प्रत्येकाचा रंग वेगळा. मिरजेतल्या एका सतारी करणाऱ्या कारागिराने उरलेल्या तुकड्यांतून ते कोरून दिले होते. सतारीवर बसलेला हात होता त्याचा, म्हणून घोड्यांच्या माना जरा जास्तच बाकदार झाल्या होत्या. एक पांढरा घोडा मी उचलून उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. त्या काळात मी उन्हातल्या वस्तूंकडे अशीच बघत बसायचे.

ही १९८७ सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. मिरजेत आमचं श्रवण मंडळ होतं. दृष्टी नसलेली वीस-बावीस माणसं दर गुरुवारी एका शाळेच्या वर्गात जमायची आणि आम्ही दोघी-तिघी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचो. माझी वेळ चार ते सहा. हिवाळ्यात मात्र मी साडेपाचलाच घसा बसल्याचं सांगून पुस्तक मिटायचे. मंडळाला ध्वनिमुद्रणाचं चांगलं यंत्र घ्यायचं होतं, म्हणजे पुस्तकं कॅसेटवर उतरवून प्रत्येकाला घरी नेता आली असती. त्यासाठी पैसे उभे करायला सुभेदारांनी ही घोड्यांच्या शर्यतीची संध्याकाळ काढली.

फौजेत असताना त्यांनी असा खेळ बेळगावला पाहिला होता. लांब फळ्यांवर घोडे उभे करायचे, प्रत्येकाला दोरी बांधायची, आणि पलीकडच्या टोकाला सहा जणांनी बसून आपापलं रीळ फिरवत दोरी गुंडाळायची. हिसका दिला की घोडा पडतो, सावकाश फिरवलं की मागे राहतो. लोकांनी तिकीट काढून आपला घोडा निवडायचा. मंडळातल्या एका गृहस्थांनी हा जुगार आहे म्हणून हरकत घेतली. तेव्हा सुभेदारांनी बक्षीस म्हणून नारळ आणि स्टीलची वाटी ठरवली आणि विषय संपवला. शाळेने तरीही हॉल दिला नाही. मग वखारवाल्यांनी आपण होऊन आवार झाडून दिलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. टेलिफोन खात्यात काम करणाऱ्या सरोजताई आमच्या सभासद होत्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या. त्या म्हणाल्या, शर्यत आमच्यासाठी, आणि आम्ही तिथे बसून काय फक्त लोकांच्या टाळ्या ऐकायच्या? मग त्यांनीच उपाय सुचवला. प्रत्येक घोड्याच्या गळ्यात वेगळा वाजणारा जिन्नस बांधायचा. पुढचे दोन गुरुवार पुस्तक बाजूला राहिलं. कुणी शेळीच्या गळ्यातली घंटा आणली, कुणी किल्ल्यांचा जुडगा, कुणी डबीत खडे घालून आणले. डबीवाल्या घोड्याचं नाव पोपट ठेवलं, शेळीच्या घंटेवाला तुफान, पितळी कड्यांची हिरकणी. पांढऱ्या घोड्याला कारागिराने रंग मंगळवारी दिला म्हणून त्याचं नाव मंगळवार, आणि त्याच्या गळ्यात एक बारीक घुंगरू.

या सगळ्यात एकच माणूस भाग घेत नव्हता. हुसेनचाचा बारगीर. चाचा पूर्वी पुण्याला जॉकी होते. घोड्यावरून पडले आणि डोळे गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. साठीचे, अंगाने सडसडीत, पावलं अजून हलकी. घोड्यांबद्दल ते अवाक्षर काढत नसत. वाचताना पुस्तकात घोडा आला की चहाच्या निमित्ताने उठून बाहेर जात. शर्यतीचं कळल्यावर त्यांनी सुभेदारांना शांतपणे सांगितलं की आपल्याला बोलावू नका.

शर्यतीचं वर्णन करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज स्वच्छ होता. मी आधी नाही म्हटलं. मग सुभेदारांनी सांगितलं की दोन्ही बाजूंना सहा-सहा ट्यूबलाईट लावणार आहे, दिवस असल्यासारखं वाटेल. तेव्हा मी हो म्हटलं. बारा ट्यूबलाईट असतील तर जमेल, असा मी मनाशी हिशेब केला होता.

शर्यतीच्या संध्याकाळी प्रल्हाद आणि त्यांची आई सांगलीहून येणार होते. प्रल्हाद कुंभोजकर एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. पुढच्या महिन्यात आमचा साखरपुडा ठरला होता. ते तीनदा घरी आले होते, तिन्ही वेळा दुपारी. माणूस मला आवडला होता. कमी बोलायचे, आणि बोलताना समोरच्याला मध्ये तोडायचे नाहीत.

सहा वाजता आवार भरलं. पुढे सतरंज्यांवर आमचे सभासद, मागे बाकांवर आणि लाकडाच्या ओंडक्यांवर गाव. आई आणि प्रल्हादांच्या आई तिसऱ्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. पहिल्या दोन शर्यती झक्क झाल्या. मी माईकवरून सांगत होते, लोक ओरडत होते, नारळ वाटले जात होते. तिसऱ्या शर्यतीसाठी सहा नवी माणसं रिळांपाशी बसली आणि तेवढ्यात वीज गेली.

लोकांनी हसून आरोळी दिली. मांडववाल्याकडे दोन पेट्रोमॅक्स होते, ते दहा मिनिटांत पेटले. सुभेदारांनी एक फळ्यांच्या या टोकाला ठेवला, एक त्या टोकाला. “आता दिसतंय ना सगळ्यांना?” त्यांनी विचारलं. सगळे हो म्हणाले.

मलाही दोन दिवे दिसत होते. दोन पांढरे गोळे, आणि त्यांच्या भोवती काळोख. फळ्या नव्हत्या, घोडे नव्हते, माणसं नव्हती.

हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. आधी रात्री दिसेनासं झालं, मग संध्याकाळी. कोल्हापूरला मी एकटीच जाऊन एका डॉक्टरांना दाखवून आले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं, आणि तिशीच्या पुढेमागे सगळंच. औषध नाही. ते कागद मी माझ्या कॉलेजच्या वह्यांत ठेवून दिले आणि घरी येऊन चहा प्यायले. कुणाला सांगितलं नाही. उजेडात मी सगळ्यांसारखीच होते, आणि उजेड असेपर्यंत तरी तसंच राहावं असं मला वाटत होतं.

माईकही बंद पडला होता. “नुसत्या आवाजात सांग, पोरी,” सुभेदार म्हणाले. “लोक शांत बसतील.” आणि लोक खरंच शांत बसले. सुभेदारांनी शिट्टी वाजवली. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

मला आधी फक्त माझा श्वास ऐकू आला. मग रिळांची कुरकुर. मग त्या कुरकुरीतून एकेक आवाज वर आला, पाण्यातून माणसं वर यावीत तसा. शेळीची घंटा उजवीकडे. तिच्या मागे किल्ल्या आणि पितळी कडी. खडे अगदी जवळ, म्हणजे पोपट अजून मागेच होता. मी बोलू लागले. तुफान पुढे आहे, म्हटलं. हिरकणी त्याच्या खांद्याशी आली. मागे बाकांवरून कुणी ओरडलं, शाब्बास हिरकणी, आणि मला कळलं की मी बरोबर आहे.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर नीट कुणाला सांगू शकलेले नाही. माझे डोळे उघडे होते, आणि त्या काळोखात मला घोडे दिसायला लागले. वीतभराचे नाहीत, खरे. कृष्णेकाठच्या धुक्यातून ते येत होते, ओल्या गवतातून, आणि त्यांच्या खुरांचा आवाज होत नव्हता, फक्त गळ्यातलं वाजत होतं. त्यांच्या नाकपुड्यांतून वाफ येत होती. मंगळवार सगळ्यांच्या पलीकडून पळत होता, इतका पांढरा की धुक्यात मधूनच नाहीसा होई आणि घुंगरू वाजलं की परत उमटे. मी जे दिसत होतं ते सांगत गेले. घाई नव्हती, भीती नव्हती. शर्यत संपली तेव्हा मी म्हटलं, मंगळवार पहिला, आणि टाळ्या पडल्या. सरोजताईंनी सतरंजीवरून ओरडून सांगितलं की असं वर्णन मी जन्मात ऐकलं नाही.

मला वाटलं, जमलं. उद्यापासून असंच करायचं. कानावर सगळं निभावून नेता येईल. कुणाला कधी कळायचंच नाही.

चौथी शर्यत सुरू झाली. घंटा, किल्ल्या, कडी, खडे. घुंगरू वाजत नव्हतं. मी सांगितलं, मंगळवार जागेवरच उभा आहे, आजच्यापुरतं त्याचं जिंकून झालेलं दिसतं. थोडं हसू आलं. मला ते दाद वाटलं. मी पुन्हा म्हटलं, मंगळवार अजून हलायला तयार नाही, हिरकणी पुढे, तुफान तिच्या मागे. हसू वाढलं. शेवटी कडी टोकाशी पोचल्याचा आवाज आला आणि मी मोठ्याने सांगितलं, हिरकणी पहिली.

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून एक माणूस म्हणाला, “अहो बाई, पांढरा घोडा तुमच्या समोरून जिंकून गेला की.”

आता सगळेच हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण थांबत नव्हतं. सुभेदार जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अगं, लक्ष कुठे आहे तुझं?” मी दोन पांढऱ्या गोळ्यांकडे तोंड करून उभी होते. आई कुठल्या बाजूला बसली आहे तेही मला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. भुशातून हळूहळू, पण सरळ माझ्याकडे.

“तिचं काही चुकलं नाही,” हुसेनचाचा म्हणाले. ते आलेत हे कुणालाच माहीत नव्हतं. ते फाटकापाशी उभं राहून पहिल्यापासून ऐकत होते. “मंगळवारचं घुंगरू गळून पडलंय. निघतानाच पडलं. भुशात बघा, सापडेल. आम्हा सगळ्यांना तो घोडा उभाच होता.”

कुणीतरी वाकून चाचपलं, घुंगरू हाती लागलं आणि ते पुन्हा मंगळवारच्या गळ्यात बांधलं गेलं. लोकांना चाचांचं बोलणं म्हणजे सभासदांची बाजू घेतल्यासारखं वाटलं असणार. पण ‘आम्हा सगळ्यांना’ म्हणताना त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला होता.

“सुभेदार,” चाचा म्हणाले, “आता शेवटची शर्यत ना? दोन्ही दिवे बंद करा. ही सगळ्यांनी ऐकूनच बघायची.”

सुभेदारांनी थोडा विचार केला. मग दिवे एकेक करून मालवले. बाकांवर कुजबुज झाली आणि थांबली. सबंध आवार आता माझ्यासारखं झालं.

“तू घोडे सांग,” चाचा माझ्या कानाशी म्हणाले. “बाकीचं मी सांगतो.”

ती शर्यत मी अजून अर्धवट झोपेत ऐकते. मी नाव घ्यायचे, आणि चाचा त्या नावाला मैदान द्यायचे. सकाळचं दव अजून सुकलेलं नाही, ते सांगत. पहिलं वळण आलं, आतल्या बाजूला कठडा आहे, सगळ्यांना कठड्याशी जायचंय आणि जागा दोघांपुरतीच आहे. मी म्हणायचे, किल्ल्या पुढे येतायत. ते म्हणायचे, जॉकीनं चाबूक अजून काढलेला नाही, राखून ठेवलाय, शहाणा आहे. त्यांचा आवाज हळूहळू तरुण होत गेला. मागच्या बाकांवरची माणसं श्वास रोखून बसली होती. सतरंजीवर सरोजताई गुडघ्यांवर उठल्या आहेत हे मला त्यांच्या बांगड्यांवरून कळलं. शेवटच्या वळणावर चाचा एकदम थांबले. त्यांचा खांद्यावरचा हात घट्ट झाला. मी नावं घेत राहिले आणि ते काहीच बोलेनात. तुफान, पोपट, मंगळवार, पुन्हा पोपट. मग त्यांनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “सगळे वळणावरून बाहेर आले. कुणी पडलं नाही.”

पोपट जिंकला. डबीतल्या खड्यांचा तो खुळखुळाट टोकाशी जाऊन थांबला आणि क्षणभर सगळीकडे नुसता काळोख होता, गच्च माणसांनी भरलेला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

दिवे पुन्हा पेटल्यावर लोक तिकिटं आणि नारळ यांच्या गडबडीत लागले. चाचा मला एका ओंडक्यापाशी घेऊन गेले. आम्ही बसलो.

“कधीपासनं दिसत नाही?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं. उजेडात दिसतं.”

“कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“लग्न ठरलंय म्हणतात.”

चाचांची काठी ओंडक्याला टेकल्याचा आवाज आला.

“माझे डोळे पडल्यानं गेले असं लोक म्हणतात,” ते म्हणाले. “मीच तसं सांगितलंय. आधी जायला लागले होते, पोरी. डाव्या बाजूचं दिसत नव्हतं मला. सांगितलं असतं तर घोडा सुटला असता हातून. मला वाटलं, कानावर निभतंय. वर्षभर निभलं. मग एकदा वळणावर आतल्या बाजूला एक घोडा आला. त्याच्यावर सदाशिव म्हणून एकोणीस वर्षांचा जॉकी होता. मला तो दिसलाच नाही. मी सरळ आत घुसलो.”

आवारात कुणीतरी फळ्या उचलत होतं.

“मी पडलो, उठलो. उरलेली नजर त्या पडण्यानं गेली. सदाशिव पुन्हा चालला नाही. कशानं झालं ते त्याला अजून माहीत नाही. घोडा बिथरला, असं मी तेव्हा सांगितलं.”

त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही. उठले, आणि काठी टेकत फाटकाकडे गेले. पुढच्या आठवड्यात ते पुण्याची गाडी धरून गेले आणि चार दिवसांनी परत आले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण परत आल्यावर पुस्तकात घोडा आला तरी ते उठत नसत.

प्रल्हाद आणि त्यांच्या आईला सांगलीची बस धरायची होती. आम्ही चौघं स्टँडकडे निघालो. वीज अजून आली नव्हती. दोघी आया पुढे होत्या, आपापसात बोलत. आम्ही मागे.

“छान सांगितलंत तुम्ही,” प्रल्हाद म्हणाले. “तो एक घोडा सोडला तर.”

“मला तो दिसला नाही,” मी म्हटलं. “मला एकही घोडा दिसला नाही. दोन वर्षांपासून मला अंधारात दिसत नाही. पुढे उजेडातही दिसणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. मी तुमच्यापासून लपवलं होतं.”

इतकं सगळं एका दमात निघालं. ते थांबले. मीही थांबले.

“आत्ता दिसतंय का काही?” त्यांनी विचारलं.

“तुमचा शर्ट फिका आहे, एवढंच.”

“मग चालताय कशा?”

“तुमच्या चपलांच्या आवाजावर.”

त्यांनी माझा हात धरला आणि मला पुढे ओढल्यासारखं केलं. मी अडखळले. मग मी त्यांना सांगितलं, की असं ओढायचं नसतं. तुम्ही कोपर द्या, मी ते धरीन, आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. आमच्या मंडळात मी कितीतरी जणांना असं कोपर दिलं होतं. कोपर धरायची ही पहिलीच वेळ होती.

आमचं लग्न झालं नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्या वडिलांचं पत्र आलं, सभ्य भाषेत, दोष कुणालाच न देता. मी दोन दिवस रडले. आईला मी त्याच संध्याकाळी घरी पोचल्यावर सांगितलं होतं. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, “दिवाळीपासून मी संध्याकाळ झाली की तुझ्या वाटेतले पाट आणि स्टूल उचलून भिंतीशी ठेवते. का ठेवते ते माझं मलाच विचारायचं धाडस झालं नाही.” मंडळाचं यंत्र मार्चमध्ये आलं. उजेड होता तोवर नऊ वर्षं मी त्यावर पुस्तकं वाचली, दिवसा, खिडकीशी बसून.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी प्रल्हादांचं कोपर धरून स्टँडकडे चालले होते. पहिल्या काही पावलांना ते फार सावकाश चालले. मग त्यांना अंदाज आला आणि आम्ही साध्या माणसांसारखे चालू लागलो. हवेत थंडी होती, कुठेतरी लाकूड पेटवलं होतं त्याचा वास येत होता. ते विचार करत होते आणि काय विचार करत होते ते मला कळत होतं. तरी त्यांचं कोपर स्थिर होतं. रस्ता संपून स्टँडचा फरशीचा भाग सुरू होतो तिथे ते थांबले. मी त्यांना असं थांबायचं असतं हे सांगितलं नव्हतं.

“इथे पायरी आहे,” ते म्हणाले. “वर चढायचं. एकच आहे.”

मी पाय उचलला आणि चढले.